समुद्र नसलेलं बंदर

कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात ब्राँझची एक लहानशी मूर्ती आहे. ओंजळीत मावेल एवढी. दाढीधारी चेहरा, पिळदार अंग, एक हात वर उचललेला. त्या हातात कधी काळी त्रिशूळ असणार. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो आपल्याकडचाच कुणी देव वाटतो. पण हा पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव. पंचगंगेच्या काठावरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात ब्राँझच्या वस्तूंचा एक साठा सापडला, त्यात तो होता. त्याच्यासोबत भूमध्य सागराच्या किनाऱ्यावर घडलेली आणखीही काही भांडीकुंडी होती. काळ साधारण सातवाहनांचा, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा.

कोल्हापूरपासून समुद्र शंभर किलोमीटरांच्या आसपास, आणि मध्ये सह्याद्रीची भिंत. मग समुद्रदेव इथे आला कसा? जहाजातून कोकणच्या एखाद्या बंदरात उतरला, तिथून बैलाच्या पाठीवर घाट चढला आणि पंचगंगेकाठच्या एखाद्या सधन घरात पोचला, हाच त्यातला सरळ अर्थ. त्या घरातल्या माणसांनी त्याची पूजा केली की नुसती शोभेची वस्तू म्हणून तो मांडून ठेवला, हे कळायला मार्ग नाही. पण ज्या वाटेने तो आला ती वाट पुढे कधी बंद पडली नाही. कोल्हापूरच्या औद्योगिक आणि सांस्कृतिक इतिहासाची ओळख करून देणाऱ्या या लेखसंग्रहाला तीच वाट सुरुवातीला धरावीशी वाटली.

बंदर म्हटलं की डोळ्यांपुढे धक्का, गलबतं, भोंगे आणि खारा वारा येतो. बंदराचं मूळ काम मात्र याहून साधं असतं. बाहेरचा माल आत घेणं, आतला बाहेर पाठवणं, आणि या देवघेवीत बाहेरची माणसं, त्यांची हत्यारं, त्यांची कौशल्यं आपलीशी करणं. या कसोटीवर कोल्हापूर हे घाटमाथ्यामागचं बंदरच. सुरतेचे व्यापारी इथल्या गुळाचे सौदे करायला आले. उत्तरेतून आलेल्या गवयाने इथल्या दरबारात आपलं घराणं रुजवलं. परदेशी कॅमेरा पाहून इथल्या कारागिरांनी तसाच स्वतः घडवला. परदेशी इंजिन दुरुस्त करता करता इथल्या मिस्त्र्यांनी इंजिनांचा कारखानाच उभा केला. आलेलं नुसतं वापरायचं नाही, उघडून पाहायचं आणि आपल्या हाताने पुन्हा करायचं, ही या गावाची सवय.

बंदराशी कोल्हापूरचं नातं केवळ उपमेचंही नाही. आंबा, अणुस्कुरा, गगनबावडा, फोंडा हे घाट म्हणजे या पेठेच्या खाड्याच होत्या. खालून मीठ, नारळ, सुकी मासळी वर यायची. वरून गूळ, तंबाखू, धान्य खाली जायचं. सतराव्या शतकात राजापूरला इंग्रजांची वखार होती आणि तिचे हात पन्हाळ्यापर्यंत पोचत. १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळा वेढला तेव्हा राजापूरच्या वखारीचा हेन्री रेव्हिंग्टन तोफगोळे घेऊन वेढ्यात सामील झाला होता. त्याची किंमत पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांनी राजापूरवर चालून जाऊन वसूल केली. पुढे करवीरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या, गादीकडे खुद्द मालवणचं बंदर आणि सिंधुदुर्ग होता. १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग जिंकून त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असं नाव दिलं. तो परत मिळाला, पण १८१२ च्या तहात मालवण कायमचं गेलं. त्या दिवसापासून कोल्हापूरला स्वतःचा समुद्र उरला नाही. उरल्या त्या घाटवाटा.

या शहराचा इतिहास कुणी कुणी आणि कसा लिहिला, हे नव्या वाचकाने आधी पाहून घेतलेलं बरं.

पहिला प्रवाह मातीचा आणि दगडाचा. राजाराम कॉलेजचे प्राध्यापक के. जी. कुंदणगार यांनी संस्थानातले शिलालेख गोळा केले. ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी १९४५-४६ मध्ये ब्रह्मपुरीचं उत्खनन केलं आणि त्याचा अहवाल १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. वा. वि. मिराशी यांनी शिलाहारांचे लेख संपादित केले. या मंडळींमुळे कोल्हापूर हे फक्त तीर्थक्षेत्र नव्हतं, मोठी व्यापारी पेठही होती, याला पुरावा मिळाला. अंबाबाईच्या देवळाभोवती वाढलेल्या गावात श्रद्धेइतकाच बाजारही जुना आहे, हे त्यांनी दाखवून दिलं.

दुसरा प्रवाह सरकारी कागदांचा. मेजर ग्रॅहॅमचा कोल्हापूर संस्थानावरचा अहवाल १८५४ चा, आणि मुंबई गॅझेटिअरचा कोल्हापूर खंड १८८६ चा. किती गावं, किती विहिरी, कोणत्या रस्त्याने किती बैल, कोणत्या जातीचे किती कारागीर, याचा हिशेब त्यांत मिळतो. तो हिशेब राज्यकर्त्यांच्या सोयीसाठी झाला होता, हे विसरून चालत नाही. सुतार, लोहार, ढोर, चांभार त्यात संख्या म्हणून येतात. त्यांच्या हातातली विद्या मात्र त्यात येत नाही.

तिसरा प्रवाह राजर्षी शाहू महाराजांच्या अभ्यासाचा, आणि तो सर्वांत भरदार. अण्णासाहेब लठ्ठे यांनी १९२४ मध्ये महाराजांचं इंग्रजी चरित्र लिहिलं; पुढे धनंजय कीर आले; नंतर जयसिंगराव पवार यांनी कागदपत्रांचा डोंगर उपसून स्मारक ग्रंथ सिद्ध केला. १९०२ चा पन्नास टक्के राखीव जागांचा हुकूम, वसतिगृहं, माणगावची परिषद हे सगळं या अभ्यासामुळे महाराष्ट्राच्या घराघरांत पोचलं. या संग्रहाची मांडणीही त्याच पायावर उभी आहे. फक्त एक गोष्ट इथे जास्त ठळक करावी लागते: महाराजांचं सामाजिक काम आणि औद्योगिक काम हे दोन वेगळे कप्पे नव्हते.

चौथा प्रवाह ‘कलापूर’चा, म्हणजे कलावंतांच्या कोल्हापूरचा. आबालाल रहिमान, अल्लादिया खाँ, केशवराव भोसले, बाबूराव पेंटर, भालजी पेंढारकर. या नावांभोवती आठवणींचं, चरित्रांचं, गौरवग्रंथांचं मोठं दालन उभं आहे. ते प्रेमाने लिहिलेलं आहे आणि वाचनीयही आहे. पण बहुतेक ठिकाणी कलावंत एकटा उभा दिसतो. त्याच्या मागचा सुतार, शिंपी, रंगारी, लेथवरचा मिस्त्री पडद्याआडच राहतो.

पाचवा प्रवाह उद्योगाचा, आणि तो अजून पुरता वाहायलाच लागलेला नाही. सहकारी साखर कारखान्यांवर, उसाच्या राजकारणावर विपुल लिहिलं गेलं. शाहू मिल, शिवाजी उद्यमनगर, शाहूपुरीच्या गूळ अडती, फाउंड्र्या, चप्पल घडवणारी घरं यांच्याबद्दल मात्र स्मरणिकांमधले लेख, वर्धापनदिनाच्या पुरवण्या आणि तोंडी आठवणी एवढीच शिदोरी आहे. शहराच्या अर्ध्या आयुष्याची नोंद अशी विस्कळीत पडून राहिली. हा संग्रह त्या अर्ध्या आयुष्याचा आहे.

त्या आयुष्याची सुरुवात पाण्यापासून करावी लागते.

पंचगंगा, भोगावती, वेदगंगा, दूधगंगा या नद्यांवर पावसाळा सरला की दगडी खांबांच्या खाचांमध्ये लाकडी बरगे बसवायचे आणि पाणी अडवायचं. पुन्हा पावसाळा आला की बरगे काढून पुराला वाट मोकळी करून द्यायची. ही पद्धत इतकी सोपी आणि स्वस्त ठरली की पुढे साऱ्या महाराष्ट्राने ती उचलली. आजही सरकारी कागदांत तिला ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ म्हणतात. भोगावतीवरचं राधानगरी धरण शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हाती घेतलं आणि ते पुरं व्हायला स्वातंत्र्य उजाडावं लागलं. धरणाच्या गावाला नाव दिलं ते कन्येचं, राधाबाईंचं.

पाणी आलं तसा ऊस वाढला. ऊस वाढला तशी गुऱ्हाळं वाढली. गुळाला पेठ हवी म्हणून १८९५ मध्ये शाहूपुरी वसली. चारच वर्षांपूर्वी, १८९१ मध्ये, मिरज ते कोल्हापूर रेल्वे सुरू झाली होती. त्यामुळे गुळाला घाटाखेरीज दुसरी वाट मिळाली. व्यापाऱ्यांना जागा दिल्या, सवलती दिल्या, आणि गुजरातेतले व्यापारी इथे बिऱ्हाड घेऊन आले ते कायमचे इथलेच झाले. आजही कोल्हापुरी गुळाचं मोठं गिऱ्हाईक गुजरातच आहे. २०१४ मध्ये या गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं.

गुऱ्हाळावर एकदा रात्र काढलेल्या माणसाला या साखळीचा पुढचा दुवा सांगावा लागत नाही. चरकातून निघालेला रस मोठ्या काहिलीत पडतो. खाली चुलवाणात वाळलेली चिपाडं सारली जातात. रस तापतो, वर मळी येते. भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालून ती गोळा करतात आणि झाऱ्याने काढून टाकतात. मग उकळीचा आवाज बदलतो. बुडबुडे मोठे होतात, जड होतात. गुळव्या पाण्यात एक थेंब सोडतो, बोटांत घेऊन त्याची गोळी वळते का पाहतो. त्याच्या हाती तापमापक नसतो. क्षणभर आधी काहील उतरवली तर गूळ बसत नाही, क्षणभर उशीर झाला तर करपतो. तो मान हलवतो, चौघे जण काहील उचलतात आणि सोनेरी लगदा वाफ्यात ओततात. थोड्या वेळाने त्याचे रवे होतात.

आता या चित्राशेजारी शिरोलीच्या एखाद्या फाउंड्रीतलं चित्र ठेवावं. लाकडी किंवा धातूच्या पॅटर्नभोवती काळी वाळू ठासून बसवलेली असते. पॅटर्न काढून घेतला की वाळूत त्याची पोकळी राहते. आत कोर बसवतात, वायू निघून जायला बारीक छिद्रं ठेवतात. भट्टीतलं लोखंड लॅडलमध्ये येतं. हल्ली तापमान यंत्रावर दिसतं, तरी जुना मोल्डर आधी धातूचा रंग पाहतो, मग आकड्याकडे. ओत थांबला, तुटला, तर कास्टिंग वाया जातं. एका दमात, एका धारेत ओतावं लागतं. गुळव्या आणि मोल्डर यांची विद्या एकच आहे असं नाही. पण ज्या मुलखात पिढ्यानपिढ्या उकळत्या रसाच्या रंगावरून निर्णय घेतले गेले, तिथे वितळलेल्या लोखंडाचा रंग वाचणारी नजर लवकर तयार झाली, यात नवल वाटू नये.

दोन्हींमध्ये ऐतिहासिक दुवाही आहे. चरक मोडला की दुरुस्ती लागते. विहिरीवर, नदीवर इंजिन आलं की त्याचा सुटा भाग लागतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत ही इंजिनं परदेशी होती आणि सुटे भाग मिळायला महिनोन् महिने जात. शेतकऱ्याला तेवढा वेळ नसतो. उभा ऊस थांबत नाही. गावातल्या लोहार-सुतारांनी, मिस्त्र्यांनी ते भाग इथेच करून द्यायला सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धात आयात आटली तशी या हातांना मागणी वाढली. सुटा भाग करणाऱ्याने अख्खं इंजिन केलं. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार ही नावं जुने उद्यमनगरवाले आजही आदराने घेतात. शाळेच्या पुस्तकात ती सहसा भेटत नाहीत.

शिवाजी उद्यमनगर या धडपडीतून वाढलं. शहराच्या मध्यात, घरांना खेटून असलेले छोटे छोटे कारखाने. एकाकडे लेथ, दुसऱ्याकडे ड्रिल, तिसऱ्याकडे पॅटर्न, पलीकडे ओतकाम. एका गल्लीत एक वस्तू चार दुकानांतून फिरून पुरी होते. पुढे जागा पुरेना तेव्हा शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले अशा औद्योगिक वसाहती झाल्या. १९६० च्या दशकापासून फाउंड्र्या वाढत गेल्या आणि आज जिल्ह्यात त्यांची संख्या सुमारे ३०० सांगितली जाते. मोटारींची, ट्रॅक्टरची इंजिनं, गिअरबॉक्स, पंप यांना लागणारी कास्टिंग इथून देशभर आणि परदेशी जातात. गोव्यातून घाट चढून आणि कर्नाटकातूनही पिग आयर्न येतं. तयार माल न्हावा-शेवाच्या बंदराकडे जातो. पोसायडनची वाट अशी अजून चालू आहे.

याच पटावर शाहू मिल ठेवून पाहावी. ‘श्री शाहू छत्रपती स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल’ची मुहूर्तमेढ १९०६ मध्ये रोवली गेली. मुंबईत तेव्हा गिरण्यांचं गिरणगाव झालेलं होतं, सोलापुरात चिमण्या उभ्या होत्या. एका लहान संस्थानाने स्वतःची कापडगिरणी काढणं ही वेगळी गोष्ट होती. दोनच वर्षं आधी, १९०४ मध्ये, इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला होता. इथून एक वाट मोठ्या गिरणीची आणि दुसरी घराघरातल्या यंत्रमागाची, अशा दोन वाटा फुटल्या. घरातला माग जगला आणि त्याने इचलकरंजीला ‘महाराष्ट्राचं मँचेस्टर’ केलं. शाहू मिल मात्र २००३ मध्ये बंद पडली. २०२२ मध्ये महाराजांच्या स्मृतिशताब्दीनिमित्त तिथे कृतज्ञता पर्वाचे कार्यक्रम झाले, तेव्हा कितीतरी कोल्हापूरकरांनी मिलच्या आतली जागा पहिल्यांदा पाहिली. ज्यांच्या घरचं घड्याळ एके काळी मिलच्या भोंग्यावर चालत होतं, त्यांची नातवंडं त्यात होती.

औद्योगिक कामाला सामाजिक कामाची जोड कशी होती, याचं उदाहरण म्हणजे बलुतेदारीविरुद्धचा महाराजांचा निर्णय. गावगाड्यात माणूस जन्माने जखडलेला असेल तर तो लेथवर येणार कुठून? १९१८ च्या सुमाराच्या या सुधारणांमुळे कारागिराला आपला धंदा सोडून दुसरा धरायला मोकळीक मिळाली. गंगाराम कांबळे यांनी हॉटेल काढलं आणि महाराज स्वतः तिथे चहा प्यायला थांबत, ही गोष्ट अस्पृश्यता निवारणाची म्हणून सांगतात आणि ती तशी आहेच. ती पेठेच्या इतिहासातलीही गोष्ट आहे. ज्याला गावाने बाजारात उभं राहू दिलं नव्हतं, त्याने बाजारात दुकान थाटलं, आणि छत्रपती त्याचं गिऱ्हाईक झाले.

इथून ‘कलापूर’कडे वळलं की त्याचा चेहरा वेगळा दिसू लागतो. बाबूराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले बंधू आनंदराव यांना चित्रपट काढायचा होता आणि कॅमेरा नव्हता. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी १९१७ मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि सहकारी दामले यांच्या साथीने कॅमेरा इथेच घडवला. इंजिनाचा सुटा भाग करणाऱ्या मिस्त्र्याची रीत आणि या कॅमेऱ्याची रीत एकच: मूळ वस्तू खोलून पाहायची, मोजमाप घ्यायचं, लेथवर कातायचं, जमेपर्यंत पुन्हा कातायचं. १९२० मध्ये ‘सैरंध्री’ आला. १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’ आला. त्यातला शेतकरी सावकाराच्या तावडीत जमीन गमावतो आणि शहरात गिरणी कामगार होतो. पडद्यावर देवदेवता नांदत होत्या त्या काळात कोल्हापूरच्या एका कंपनीने शेतातून गिरणीत गेलेल्या माणसाची कथा सांगितली, आणि तो तरुण शेतकरी साकारला व्ही. शांताराम यांनी. ज्या गावात शेत आणि गिरणी एकमेकांना दिसत होती, तिथे ही कथा सुचावी हे स्वाभाविकच होतं.

१९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी सुरू केली. १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ इथेच तयार झाला. १९३३ मध्ये कंपनी पुण्याला गेली. कंपनी गेली तरी सेट बांधणारे सुतार, रंगारी, शिंपी, दागिने घडवणारे इथेच राहिले, आणि त्यांच्या जोरावर भालजींच्या जयप्रभा स्टुडिओने पुढची कित्येक दशकं मराठी चित्रपट जगवला.

आखाडा आणि नाटकही याच मुशीतले. १९१२ मध्ये खासबाग मैदान झालं. त्याच्या शेजारी १९१५ मध्ये उभं राहिलेलं पॅलेस थिएटर आज संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह म्हणून ओळखलं जातं. कुस्ती आणि संगीत नाटक या दोन गोष्टी पाठीला पाठ लावून उभ्या कराव्यात, हे शाहू महाराजांनाच सुचावं. तालमी पेठांच्या होत्या. त्यांत दूध विकणारा, गुळाची पोती उचलणारा हमाल, कारखान्यात पाळी करणारा तरुण, सगळे एकाच मातीत उतरत. पहिले हिंद केसरी श्रीपती खंचनाळे आणि त्यांच्यानंतरचे गणपतराव आंदळकर या मातीत मोठे झाले. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या तालमींनी पुढे फुटबॉलचे संघ काढले. आज शाहू स्टेडियमवर पेठापेठांच्या सामन्यांना जी गर्दी होते, तिचं मूळ या तालमींतच आहे.

चप्पल ही या शहराची सर्वांत दूर गेलेली खूण. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेलं कातडं, हातानं घातलेली शिवण, बायकांनी विणलेली बारीक वेणी. कोल्हापुरी माणूस त्याला ‘पायताण’ म्हणतो, आणि कापशीसारख्या गावांची नावं त्याच्या प्रकारांना मिळालेली आहेत. २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांना मिळून भौगोलिक मानांकन मिळालं, आणि ते योग्यच झालं; कातड्याला सीमावाद माहीत नव्हता. २०२५ च्या जूनमध्ये मिलान शहरातल्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीच्या धाटणीची चप्पल दाखवली, तेव्हा आधी तिच्या मुळाचा उल्लेखही नव्हता. इथून आवाज उठला, कंपनीने मूळ मान्य केलं, तिची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेली. भूमध्य सागराकडून एकदा ब्राँझचा देव इथे आला होता. या वेळी इथलं पायताण तिकडे गेलं. दोन्ही वेळा घडवणाऱ्याचं नाव मात्र मागेच राहिलं.

या पुस्तकाची आजच गरज का भासली, याचं उत्तर तिथेच आहे. उद्यमनगरातली जुनी पिढी ऐंशीच्या घरात पोचली आहे. जे पॅटर्न तिने हाताने कोरले, ते आता संगणकावर आखले जातात. गुऱ्हाळं कमी होत आहेत, कारण ऊस थेट कारखान्याकडे जातो आणि गुळव्याची मुलं त्या चुलवाणापाशी उभी राहायला तयार नाहीत. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळालं, तेव्हा अनेकांना पहिल्यांदा जाणवलं की इमारत गेली की तिच्याबरोबर रंगमंचाच्या फळ्या ठोकणाऱ्यांची, पडदे ओढणाऱ्यांची आठवणही जाते. इमारत पुन्हा बांधता येते. आठवण मात्र वेळेवर लिहून ठेवावी लागते.

दुसरं कारण पुढच्या काळाचं आहे. वैभववाडी-कोल्हापूर रेल्वेमार्गाची मागणी जुनी आहे. २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात तिला स्थान मिळालं, पण गाडी अजून घाटात उतरलेली नाही. तो मार्ग झाला तर कोल्हापूर पुन्हा थेट कोकणच्या किनाऱ्याला जोडलं जाईल. तेव्हा कोणता उद्योग वाढेल, कोणाच्या जमिनी जातील, घाटातलं रान किती उरेल, हे प्रश्न विचारायला आपण आधी काय केलं याची आठवण लागेल.

वारसा म्हटलं की गौरवाकडे झुकण्याचा धोका असतो, आणि या संग्रहातल्या लेखकांनी तो टाळला आहे. ज्या पंचगंगेने ऊस पिकवला, तिच्यातच कारखान्यांचं आणि शहराचं सांडपाणी सोडलं गेलं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी नदीकाठी काय काय बांधून ठेवलं आहे याचा हिशेब मांडला. फाउंड्रीतली बारीक धूळ कामगाराच्या छातीत बसते. आज भट्टीवर बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातली पोरं उभी आहेत, आणि उसाच्या फडात बीडकडच्या टोळ्या. बाहेरून आलेल्याला आपलंसं करणारं हे शहर या माणसांना कोल्हापूरकर कधी म्हणणार, हा प्रश्न या पुस्तकात एकाहून अधिक ठिकाणी येतो, आणि आडपडदा न ठेवता येतो.

पुस्तकाची मांडणी राजवटींच्या क्रमाने केलेली नाही. ती कामांच्या क्रमाने आहे: पाणी अडवणं, रस उकळणं, सूत कातणं, लोखंड ओतणं, कातडं कमावणं, पडद्यावर चित्र हलवणं. प्रत्येक ठिकाणी लेखक हत्यारापासून सुरुवात करतो आणि माणसापर्यंत पोचतो. कागदपत्रं जिथे बोलतात तिथे कागदपत्रं आहेत. जिथे ती गप्प आहेत तिथे जुन्या मिस्त्र्यांची, अडत्यांची, हमालांची, वेणी विणणाऱ्या बायकांची सांगणी आहेत, त्यांच्याच बोलीत. हा शहराचा संपूर्ण इतिहास असल्याचा दावा इथे नाही. गुजरीतले सोनार आणि कोल्हापुरी साज, हुपरीची चांदी, छापखाने, पेठांमधल्या खानावळी यांना इथे जागा देता आली नाही, आणि त्याची खंत संपादनात वेळोवेळी जाणवत राहिली.

म्हणून वाचकांकडे एक मागणं आहे. शाहूपुरीतल्या एखाद्या अडतीच्या माळ्यावर अजून लाल कापडात बांधलेल्या चोपड्या असतील. उद्यमनगरातल्या एखाद्या घरात पहिल्या इंजिनाचं पेन्सिलने काढलेलं चित्र असेल, शाहू मिलचा हजेरीचा पत्रा असेल, जयप्रभात सेट उभारणाऱ्या आजोबांचा रंध्याचा दांडा असेल. खंडेनवमीला यंत्रांना हार घालताना हे सगळं एकदा बाहेर काढून पुसलं जातं आणि पुन्हा माळ्यावर जातं. यंदा ते वर ठेवण्याआधी त्याचा एक फोटो काढावा, आणि ते कुणाचं, कधीचं, कशाला वापरलं जायचं, एवढ्या चार ओळी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून मागे लिहून ठेवाव्यात. पुढच्या आवृत्तीत तेवढी पानं राखून ठेवली आहेत.